दातांनी ऐकलेला आवाज

"आधी कान लाव, मग पाना लाव."

काम शिकवणारे वस्ताद जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी बॉनेट उघडलं की काकांना हे वाक्य त्यांच्याच घोगऱ्या आवाजात ऐकू यायचं. आजही आलं. ज्याची तक्रार होती तो गाडीचा आवाज मात्र आला नाही.

"येतोय ना?" रोपवाटिकेवाल्या ताईंनी विचारलं. त्यांचा एकोणीस वर्षांचा पिकअप गॅरेजच्या दारात सुरू होता. "कीं-कीं-कीं. बारीक आहे, पण ॲक्सिलेटर दिला की वाढतो."

"हं," काका म्हणाले.

गल्लीत शिरणाऱ्या गाडीचं काय दुखतंय ते काका बसल्या जागी सांगतात, अशी त्यांची ख्याती. सगळे त्यांना कानवाले काकाच म्हणत. गेल्या आठवड्यात ताई हीच तक्रार घेऊन आल्या, तेव्हा दहा मिनिटं कान लावून त्यांनी ठामपणे सांगितलं होतं, "वहम आहे तुमचा. गाडी ठणठणीत आहे."

गॅरेजच्या मागेच घर होतं. आतून काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अहो, बंद करा ती गाडी! कानात सुई गेल्यासारखं होतंय."

काकांनी बायकोकडे पाहिलं, मग ताईंकडे. दोघींचेही डोळे सारखेच बारीक झाले होते.

"तुला येतोय आवाज?"

"बहिऱ्यालाही येईल," काकू म्हणाल्या आणि मग एकदम नवऱ्याकडे निरखून पाहू लागल्या.

ताईंनी गाडी बंद केली. रस्त्यावरून कोणीतरी सायकल ढकलत गेलं.

"एकेक गोष्ट दोन-दोनदा सांगावी लागते, हे कळत होतं मला," काकू हळूच म्हणाल्या. "पण नवऱ्याला ऐकू येत नाही हे काय जगावेगळं आहे? सगळ्याच बायका म्हणतात. म्हणून लक्षातच आलं नाही."

ताईंना हसू आलं आणि तिथेच विरलं.

"काका, उद्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन आहे. घाट चढून न्यायचंय तिला. मधे गाडी बसली तर म्हातारीला घेऊन कुठे जाऊ? दुसरीकडे दाखवू का? राग नका मानू, पण स्पष्ट सांगा."

'दाखवा' हा शब्द काकांच्या ओठांपर्यंत आला होता. त्यांनी उगाच हत्यारांच्या पेटीत हात घातला आणि हाताला लांब स्क्रू ड्रायव्हर लागला.

शेवटच्या काही वर्षांत वस्ताद स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ दातात धरायचे. "वस्ताद इंजिन चावतात," म्हणून सगळे हसायचे. त्यात काकाही होते. म्हाताऱ्याची लहर, असंच वाटलं होतं तेव्हा. वस्तादांनी त्याचं कारण कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

काकांनी इंजिनाचा पुढचा, डायनामो आणि पाण्याचा पंप फिरवणारा पट्टा काढला. "आता सुरू करा. जरा वेळच."

"गेला!" ताई गाडीतून ओरडल्या. "आवाज गेला!"

म्हणजे दुखणं पट्ट्यावर फिरणाऱ्या भागांतच होतं. पट्टा परत चढवून त्यांनी गाडी सुरू करायला लावली. स्क्रू ड्रायव्हरचं टोक आधी डायनामोच्या अंगावर टेकवलं आणि मूठ दातात धरली.

"काका, दात पडतील!"

"दोन हलतायत. ते पडले तर बरंच," काका मूठ बाजूला काढून म्हणाले.

डायनामो गुळगुळीत फिरत होता. पंख्यापासून हात सांभाळत त्यांनी टोक पाण्याच्या पंपावर टेकवलं. जबड्यातून थेट डोक्यात वाळू दळल्यासारखी खरखर शिरली. काका तसेच वाकून राहिले, लागत होता त्यापेक्षा जरा जास्तच वेळ.

"पंपाचं बेअरिंग," ते सरळ होत म्हणाले. "घाटात अडकलं असतं तर पट्टा तुटून इंजिन तापलं असतं. आठ दिवसांपूर्वीच पकडायला हवं होतं मी."

दुपारी एकपर्यंत नवा पंप बसला. ताईंनी गाडी सुरू केली, खाली उतरल्या, कान देऊन उभ्या राहिल्या. काका इंजिनाकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"काही नाही आता."

"नक्की?"

"नक्की. आज माझ्या कानांवर विश्वास ठेवा." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "काका, एवढ्यात आणखी कोणाला झालाय का हो वहम?"

काकांनी फडक्याला हात पुसले.

"एकाला. शाळेची मुलं नेतो, तो व्हॅनवाला. पंधरा दिवस झाले. ब्रेक लावला की काहीतरी घासतं म्हणत होता. मी परत पाठवला."

"अगं बाई!" काकू म्हणाल्या.

"सांगा त्याला," ताई म्हणाल्या. "आजच्या आज."

"शाळा सुटायच्या आत सांगतो. शब्द दिला."

पिकअप वळणापलीकडे गेला. काकूंनी आतून फोन आणून पुढे केला. काकांनी मान हलवली.

"फोनवर नको. तोंडावर सांगायला हवं."

"मी येऊ बरोबर?"

"नको. तू गॅरेज बघ. कोणी आलं तर सांग, काका उशिरा येतील." ते दोन पावलं गेले आणि वळले. "आणि का गेलेत विचारलं, तर तेही सांग."

गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता होता. काका कडेला थांबले. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता. त्यांनी पुन्हा एकदा दोन्हीकडे नीट पाहिलं आणि मग शाळेच्या दिशेनं रस्ता ओलांडला.