ओंडक्यातली बाळंतीण

लाकडाची वखार दोघा भावंडांची होती. भाऊ जंगलातली झाडं पाडून ओंडके ट्रकने आणायचा आणि थोरली बहीण ते करवतीवर चिरायची.

एका सकाळी ओंडका करवतीकडे सरकवताना तिला आतून काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. तिने यंत्र बंद केलं. उंदीर असेल, चालव, असं भाऊ म्हणाला. तिने मात्र ओंडका उलटवला. खालच्या अंगाला चिखलाने लिंपलेली ढोली होती. लिंपणातल्या फटीतून एक मोठी पिवळी चोच बाहेर आली होती.

तिने छिन्नीने लिंपण फोडलं. आत धनेशाची मादी होती. अंडी फुटून गेलेली, पंखांची पिसं झडलेली. जवळच राहणाऱ्या गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. ही मादी स्वतःला ढोलीत कोंडून घेते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर तिला बाहेरून भरवतो, असं त्यांनी समजावलं.

"म्हणजे बाळंतीणच की ही," बहीण म्हणाली.

भाऊ ओंडक्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "ताई, झाड पडल्यावर एक पक्षी आमच्या डोक्यावर घिरट्या घालत होता. चोचीत फळ होतं त्याच्या. आम्हाला वाटलं, वेडा झालाय."

दुसऱ्या दिवशी दोघं तिला खोक्यात घालून झाड पाडलेल्या जागी घेऊन गेली. पण तिथे झाडाचा खुंटसुद्धा उरला नव्हता. चारच दिवसांत यंत्राने जमीन सपाट करून एकाच जातीची रोपं ओळीने लावली होती. दुपारपर्यंत वाट पाहिली. कोणी आलं नाही.

डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली मादी वखारीतच राहिली. कुरकुर करत का होईना, भाऊ दर खेपेला तिच्यासाठी रानफळं आणायचा. पिसं फुटल्यावर एके दिवशी ती पत्र्यावर जाऊन बसली, आणि मग दूरच्या डोंगराकडे उडाली. तिला तिचा जोडीदार भेटला की नाही, कोणास ठाऊक.

त्यानंतर भाऊ ढोलीचं झाड सोडून बाकीची पाडू लागला. हे त्याने मोठ्या समाधानाने सांगितलं, तेव्हा बहिणीने हातातलं काम थांबवलं.

"उजाड माळावर एकटं झाड ठेवून काय उपयोग? ढोलीतली बाळंतीण खाणार काय?"

काही दिवसांनी ट्रक आला तो जंगलातले ओंडके नाही, तर पाडलेल्या जुन्या घरांच्या तुळया घेऊन. तुळयांत खिळेच खिळे होते. पहिल्याच दिवशी करवतीचे दात गेले. बहिणीने कपाळाला हात लावला, आणि भाऊ पकड घेऊन खिळे उपटायला बसला.