देवस्सीच्या पोटावरचा वाघ

ज्या वर्षी देवस्सीची थोरली मुलगी बेबी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, त्याच वर्षी देवस्सीचं पोट गेलं. आतड्याला भोक पडलं होतं. छातीच्या खालपासून बेंबीच्या खालपर्यंत उभं कापावं लागलं, चाळीस दिवस दवाखान्यात पडून राहावं लागलं, आणि शहाऐंशी किलोंचा माणूस चोपन्न किलोंचा होऊन बाहेर आला. योगायोग असा, की बापाला आणि बाळंतिणीला एकाच दिवशी घरी सोडलं. रिक्षा दारात थांबली तेव्हा शेजारची अन्नम्मा धावत आली. बाळाकडे तिने पाहिलंच नाही. देवस्सीकडे बघून म्हणाली, "अगं बाई! दिवस भरायच्या आतच आणलंत वाटतं?"

देवस्सीला हसायचं होतं, पण टाके दुखत होते.

त्याचं केळ्यांचं दुकान होतं. पण तृश्शूरमध्ये त्याला दुकानावरून कुणी ओळखत नसे, पोटावरून ओळखत. ओणमच्या चौथ्या दिवशी तिथे गल्लीगल्लीचे वाघ निघतात. माणसं अंगावरचे केस भादरून घेतात, डोक्यापासून पायापर्यंत रंगवून घेतात, तोंडावर वाघाचा मुखवटा चढवतात, कमरेला घुंगरांचा पट्टा बांधतात आणि चेंडा नावाच्या ढोलाच्या ठेक्यावर मोठ्या मैदानाभोवती नाचतात. रंगवण्याची रीत ठरलेली. अंगाने भरलेल्याला पट्टे, हडकुळ्याला ठिपके. आणि एखाद्याचं पोट खरंच पोट म्हणण्याजोगं असेल, तर त्यावर वाघाचं अख्खं तोंड काढायचं. बावीस वर्षं त्यांच्या मंडळाचं ते तोंड देवस्सीच्या पोटावर होतं. त्याने पोट हलवलं की वाघ गाल हलवी आणि पोरं आयांच्या मागे लपत.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी मंडळाचा सेक्रेटरी वेलायुधन हलव्याचा पुडा घेऊन आला. त्याने देवस्सीकडे पाहिलं आणि पुडा उघडायचं विसरला.

"देवस्सीचेट्टा," तो थोरल्या भावाला हाक मारावी तसं म्हणाला, "तुम्ही कुठं आहात या लुंगीत?"

"शोध. सापडलो तर मलाही सांग."

वेलायुधनने खिशातून शिंप्याची टेप काढली. "मंडळात बोलणं झालंय. राग मानू नका. तोंड काढायला चव्वेचाळीस इंच घेर पाहिजे. ओणमचा चिंगम महिना लागला की मोजू. नाही भरला तर..."

"तर काय?"

"ठिपके."

"मला? ठिपके?"

"पावलोस कुवेतहून आलाय," वेलायुधन खाली बघत म्हणाला. "सेहेचाळीस भरतो."

ती रात्र देवस्सीने छताकडे बघत काढली. मरणाला तो दवाखान्यातही एवढा भ्याला नव्हता. बावीस वर्षं ज्या रस्त्यावर लोकांनी "आला, आला!" म्हणून बोटं दाखवली, त्या रस्त्यावर हडकुळ्या पोरांच्या रांगेत ठिपके लावून जायचं!

दवाखान्यात सिस्टर फिलोमिना नावाची एक नन होती. आजारातून उठलेल्यांनी काय खायचं ते ती सांगे. बुटकी, चष्मेवाली, आणि आवाज असा की प्रार्थनासुद्धा हुकूम सोडल्यासारखी वाटे. तिने एक कागद लिहून दिला आणि देवस्सीची बायको त्रेस्या हिने तो भाताच्या खळीने स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं. नारळाच्या दुधातली पेज, अंडं, मासा, भिजवलेले हरभरे, मूठभर शेंगदाणे, नेंद्र केळं उकडून वर चमचाभर तूप, रात्री दूध. आणि सगळ्यात खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: रोज चालणे.

"सिस्टर, चुकलं का काही?" देवस्सीने विचारलं होतं. "चालून माणूस वाळतो. मला तर भरायचंय."

"पोतं भरतात तसं नाही भरायचं. बसून खाल्लंस तर नुसती चरबी चढेल. तुझं मांस गेलंय, ते परत आणायचंय. आधी फाटकापर्यंत चाल, मग चर्चपर्यंत. तीन महिन्यांनी मला विचारून अर्धा घड उचलायला लाग."

"आणि पोट?"

"पोट कशाला हवंय तुला?"

तिला वाघाचं सांगायची त्याला लाज वाटली.

मग घरात दोन जिवांना भरवणं सुरू झालं. एका खोलीत बेबीचं बाळ जोमोन दर दोन तासांनी रडे, दुसऱ्या खोलीत देवस्सी दर दोन तासांनी कण्हत उठे. त्रेस्या दोघांच्या मधे वाट्या घेऊन फिरे. दर शनिवारी दुकानात वजन होई. घड तोलायच्या काट्याच्या आकड्याला झोळी अडकवून जोमोनला, आणि पोती ठेवायच्या काट्यावर देवस्सीला.

"जोमोन, दोनशे ग्रॅम वर," बेबी ओरडे. "अप्पन, शंभर ग्रॅम वर."

"त्याला दुसरं काम काय आहे?" देवस्सी चिडे. "दिवसभर पितो आणि झोपतो."

"अहो मनुष्या," त्रेस्या म्हणे, "एवढ्याशा लेकराशी कसली बरोबरी करता?"

पण बरोबरी तो करत होता. मे महिन्यात जोमोन जन्माच्या वजनाच्या दुप्पट झाला. बेबीने आनंदाने गल्लीत केळी वाटली. देवस्सी त्या दिवशी अठ्ठावन्नवर होता. त्याने हिशेब मांडला, की या चालीने चव्वेचाळीस इंच भरेपर्यंत जोमोनला मिसरूड फुटेल.

दुसऱ्या दिवशी चर्चला जातो सांगून तो निघाला तो थेट बसस्टँडमागच्या खाणावळीत गेला. नऊ पोरोटे, दोन बशा तळलेलं बीफ, वर तीन ग्लास ताडी. जेवून उठला तेव्हा पोट खरंच पुढे आलं होतं. त्याने भिंतीच्या आरशात ते आडवं होऊन पाहिलं आणि प्रेमाने थोपटलं. ते पोट चर्चच्या पायरीपर्यंतच टिकलं. तिथे सगळं बाहेर आलं. तीन दिवस बाहेर येतच राहिलं, दोन्ही वाटांनी. शनिवारी काट्याने छप्पन दाखवले.

सिस्टर फिलोमिनाने त्याला समोर बसवलं.

"नऊ?"

"छोटे होते, सिस्टर."

"सहा आठवडे बंद पडलेलं यंत्र मी थेंब थेंब तेल घालून चालू करतेय, आणि तू त्यात डबाच ओततोस? आतडं पुन्हा बिघडलं असतं तर? कशासाठी केलंस हे?"

तेव्हा त्याने सांगितलं. टेप, पावलोस, ठिपके, सगळं. सांगताना डोळे भरून आले. सिस्टरने चष्मा काढून पुसला.

"तुझ्या पोटावरचा वाघ मी लहानपणी पाहिलाय," ती म्हणाली. "दोन दिवस झोपले नव्हते." मग चष्मा लावला आणि आवाज पुन्हा हुकमी झाला. "वाघ होण्याआधी माणूस हो. कागदावर आहे तेवढंच खायचं."

तेव्हापासून देवस्सी कागदाच्या बाहेर गेला नाही. आठवड्याला पाऊण किलो, कधी किलोभर, काटा चढत राहिला. चालणं फाटकापासून चर्चपर्यंत आणि चर्चपासून पार मैदानाच्या फेरीपर्यंत गेलं. सिस्टरच्या परवानगीने आधी अर्धा घड, मग पुरा घड उचलू लागला. गालांवरचे खड्डे भरले. चिंगमच्या पहिल्या शनिवारी काट्याने एकोणसत्तर दाखवले आणि त्रेस्याने चर्चमध्ये मेणबत्ती लावली.

संध्याकाळी वेलायुधन टेप घेऊन आला. देवस्सी शर्ट काढून ऐटीत उभा राहिला. टेप फिरली. वेलायुधनने आकडा पाहिला, डोळे चोळले, पुन्हा पाहिला.

"चौतीस."

"काटा खोटं बोलतो का? पंधरा किलो चढलोय मी!"

"चढलात हो, पण कुठं?" वेलायुधनने त्याच्याभोवती एक चक्कर मारली. "हे बघा, दंडात आहे. मांड्यांत आहे. पोटऱ्या तर काय, बैलाच्या! चेट्टा, सगळीकडे वजन आहे, फक्त पोटात नाही."

देवस्सी मटकन बाकावर बसला. सहा महिने तो जे मोजत होता ते मंडळ मोजतच नव्हतं.

"मग... ठिपके?"

"ठिपके," वेलायुधन म्हणाला, आणि चहा न घेताच गेला.

चौथ्या ओणमला पहाटे मंडळाच्या मांडवात रंग वाटायचं काम सुरू झालं होतं. अंग भादरलेली माणसं हात फाकून ओळीने उभी होती. पट्ट्यांच्या रांगेत सगळ्यांत पुढे पावलोस, कुवेतचं पोट तळहातांवर तोलून. ठिपक्यांच्या रांगेत सगळ्यांत मागे देवस्सी. पुढची पोरं मागे वळून बघत आणि तोंड दाबून हसत.

रंगवणारा उस्ताद, शंकुण्णी आशान, एकोणऐंशी वर्षांचा होता. बावीस वर्षं देवस्सीच्या पोटावर त्यानेच तोंड काढलं होतं. आता हात कापायचा, पण पोटाला कुंचला टेकला की थांबायचा. तो रांगेवरून नजर फिरवत आला आणि देवस्सीपाशी थबकला.

"तू इकडं कुठं उभा रे?"

"मापात बसलो नाही, आशान."

आशानने वाकून पाहिलं. उभा व्रण पाहिला. मग दोन बोटांत बेंबीखालचं कातडं धरलं आणि ओढलं. ते वीतभर पुढे आलं. सोडलं तसं लोंबकळत मागे गेलं. पुन्हा ओढलं. म्हातारा खुदखुदायला लागला.

"मांस एकोणसत्तरचं झालं, पण कातडं अजून शहाऐंशीचंच आहे की! जरा ठेका धर बघू."

देवस्सीने ओशाळत दोन पावलं टाकली. बेंबीखालची घडी वर गेली, खाली आली.

"वेलायुधा!" आशान ओरडला. "पिवळा रंग इकडं आण. मोठा कुंचलाही."

"आशान, चौतीसच आहे. मंडळाने ठरवलंय..."

"माप शिंप्याला विचार. वाघ मला विचार."

दुपार होईपर्यंत रंग सुकला. व्रण नाकापासून ओठापर्यंतची रेघ झाला होता. बेंबीच्या जागी काळोखा घसा होता आणि खालची घडी म्हणजे दातांसकट जबडा.

चेंडा घुमला आणि वाघ मैदानाभोवती निघाले. पावलोसचा वाघ थोराड होता, गाल हलवत होता, लोक मान डोलवत होते. मागून देवस्सी आला. सिस्टरने उड्या मारायच्या नाहीत अशी ताकीद दिली होती, म्हणून तो नुसता ठेक्यावर पाय टाकत होता. प्रत्येक पावलाला घडी खाली येई आणि जबडा उघडे, वर जाई आणि मिटे. गर्दी दोन पावलं मागे सरली. मग एक बाई किंचाळली, "अगं, हा चावतोय!"

बघता बघता लोक पावलोसकडून इकडे लोटले. कुणी केळं पुढे केलं, कुणी वडा. वाघ चावतच राहिला. अर्धी फेरी झाली तेव्हा पावलोसला धाप लागली आणि तो एका तेलाच्या डब्यावर बसला. उठला तेव्हा मागचे चार पट्टे डब्यावरच राहिले होते. देवस्सीच्या पोटऱ्यांनी मात्र पूर्ण फेरी मारली, आणि लोकांनी मागितली म्हणून आणखी अर्धी.

चर्चच्या कोपऱ्यावर त्रेस्या आणि बेबी उभ्या होत्या. सहा महिन्यांच्या जोमोनने वाघाकडे डोळे फाडून पाहिलं, आणि न रडता हातातलं चोखलेलं केळं थेट वाघाच्या जबड्याला लावलं. जबडा दोनदा मिटला. जोमोन खदखदून हसला. शेजारी सिस्टर फिलोमिना होती.

"काय खातोस रे इतकं?" तिने दरडावलं.

मुखवट्याआडून आवाज आला, "थोडं थोडंच, सिस्टर. सहा वेळा."

मंडळाला वाघांच्या स्पर्धेत नेहमीसारखा तिसरा नंबर मिळाला. टेप वेलायुधनने शिंप्याला परत केली.

शंकुण्णी आशान पुढच्या वर्षी विषूच्या सणाच्या आदल्या दिवशी सकाळी वारला. तो देवस्सीच्या पोटावरचा त्याचा शेवटचा वाघ. देवस्सी त्यानंतर सतरा वर्षांनी, जोमोन कॉलेजात गेला त्या वर्षीच्या नाताळात वारला.