जाळ्याला बांधलेले सेल

मित्रांनो, मी एक जुना सेल आहे. रेडिओत घालतात तो, लाल कातडीचा, जाडजूड. २०११ साली पनवेलच्या बाजारातून काशिराम कोळ्याने मला विकत घेतले आणि खाडीकाठच्या घरी नेले.

रेडिओवर वादळाची बातमी आली की काशिराम होडी काढत नसे. ती बातमी माझ्या जिवावर ऐकू यायची, तेव्हा माझा तोरा काही विचारू नका. आवाज बसला की त्याची बायको ठमाबाई मला आणि रेडिओतल्या माझ्या जोडीदारांना पत्र्यावर उन्हात ठेवी. ऊन खाऊन आम्ही आणखी दोन दिवस रेटायचो. मग एकदा मी संपलो तो संपलोच. तेव्हापासून मला फारसे काही वाटत नाही.

काशिरामच्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या गळून गेल्या होत्या. "वजन हाय, फेकाचं कशाला?" असे म्हणत त्याने घरातले सहा संपलेले सेल चिंध्यांत गुंडाळून जाळ्याच्या काठाला बांधले. आम्ही बुडायचो, मासे, म्हणजे कोळ्यांचा मावरा, घेऊन वर यायचो. खाऱ्या पाण्याने माझे कातडे गंजले, पोटातले पाझरू लागले. मला ते कळलेही नाही.

एका दुपारी जाळे ओट्यावर वाळत होते. काशिरामची रांगती नात रिया तिथे आली आणि माझी चिंधी चोखू लागली. तिचे ओठ भाजले, जीभ सुजली. ती रडत होती आणि मी नुसता पडून होतो. ठमाबाईने तिला रिक्षाने पनवेलच्या डॉक्टरांकडे नेले. दोन दिवस पोर दूध पिईना. तिसऱ्या दिवशी प्यायली.

काशिरामने रागाने आम्हाला जाळ्यावरून कापले आणि पिशवीत कोंबून तो खाडीकडे निघाला. ठमाबाई आडवी आली.

"खाडीत नको टाकू. त्यातलाच मावरा पोरीला भरवनार ना आपन?"

तो थांबला. पनवेलजवळच्या करंजाड्याच्या एका शाळेत संपलेले सेल जमा करतात, तिथून ते कारखान्यात जातात आणि त्यांतला धातू वेगळा काढतात, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तो स्वतः आम्हाला तिथे घेऊन आला. खोक्यात टाकताना त्याने मोजले. पाच भरले. त्याने पिशवी उलटी करून झटकली. सहावा कधीच जाळ्यातून सुटून खाडीत गेला होता.

मित्रांनो, संपलेला सेल कचऱ्यात, चुलीत, पाण्यात टाकू नका. लहानांच्या हाती लागू देऊ नका. कोरड्या डब्यात ठेवा आणि जमा करणाऱ्यांकडे द्या. रिया आता भात-मासे खाऊ लागली असेल. मासे त्याच खाडीतले असतील.