दारातला गमबूट

खोटं सांगत असेन तर तोंडात उरलेले दातही गळून पडोत! यातला शब्द न् शब्द खरा आहे.

दोघी बहिणींतली थोरली मटार गोठवायच्या कारखान्यात होती. सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहायचं आणि भरलेल्या पिशव्या बंद करायच्या. काम काही वाईट नव्हतं, वाईट होता साहेब. तक्रार ऐकली की त्याला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. रोज सकाळी सगळ्यांना गोल उभं करून विचारायचा, "कसं चाललंय?" सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "छान!" कुणी तोंड वाकडं केलं की त्याची रजा बुडालीच म्हणून समजा. पाठीमागे सगळे त्याला छानसाहेब म्हणायचे.

तिथली थंड खोली म्हणजे असा गारठा, की माणूस शिंकला तर शिंक गोठून टणकन खाली पडायची. दार एकदा लागलं की बाहेरूनच उघडायचं, कारण आतला खटका मोडलेला. एकीनं ते सांगितलं, तर तिला सख्ख्या भावाच्या लग्नाला जाता आलं नाही. मग सांगतंय कोण? लोकांनी आपली युक्ती काढली. आत जाणाऱ्यानं एका पायातला गमबूट काढून दाराच्या फटीत ठेवायचा आणि लंगडी घालत काम उरकायचं.

थोरलीनंही जिभेला कुलूप घातलं होतं. धाकट्या बहिणीचे दिवस भरत आले होते. आई नाही, धाकटीची सासू अंथरुणाला खिळलेली. बाळंतपण थोरलीनंच करायचं. रजा मागितली तेव्हा साहेब म्हणाला होता, "वागणूक बघू, मग ठरवू."

त्या दिवशी गाडीवाले काका, म्हणजे मालाची हातगाडी ओढणारे, फटीत बूट ठेवून आत गेले. तेवढ्यात साहेब फिरत फिरत आला.

"हा बूट कुणी टाकला इथं? शिस्त म्हणून नाही!"

मारली लाथ. बूट घरंगळत थेट थोरलीच्या पायाशी. साहेब तावातावानं आत शिरला आणि दार धप्पकन लागलं.

थोड्या वेळानं आतून धडाधडा आवाज. मुकादम ऐकून न ऐकल्यासारखं करत होता.

"साहेब आहेत ना आत? काहीतरी तपासत असतील."

"अहो, दार बडवून?"

"तू नको तोंड घालू. पट्टा थांबवलास तर रजा विसर."

थोरलीनं बुटाकडे बघितलं. टाचेला ठिगळ, काकांचाच तो. तिचा हात पट्टा थांबवायच्या बटणाकडे गेला आणि मागे आला. डोळ्यांपुढे धाकटी उभी राहिली, कमरेवर हात ठेवून वाट बघणारी. परत दार धडधडलं.

"आत म्हातारा गारठून मेला तर ती रजा काय चाटायचीय?" म्हणत तिनं बटण दाबलं आणि धावत जाऊन दार ओढलं.

काका पोत्यावर बसलेले, उघडा पाय मांडीखाली घेऊन. साहेब पांढराफटक.

"आलीस बाई!" काका म्हणाले. "मी साहेबांना म्हटलं, बसा, येईल कुणीतरी. तर मलाच विचारतात, खटका मोडलाय हे सांगितलं का नाही? म्हटलं, सकाळीच नाही का आपण म्हणालो, छान!"

बाहेर जमलेले फिसकन हसले. साहेबाला ते भलतंच झोंबलं.

"प-प-पट्टा कुणी थांबवला?"

"मी," थोरली म्हणाली. "आणि उद्यापासून मी रजेवर आहे, साहेब. बहिणीचं बाळंतपण आहे. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा, या सगळ्यांसमोर."

साहेबाला नाहीच म्हणायचं होतं. पण थंडीनं त्याची मान अशी लटलटायला लागली, वर-खाली, वर-खाली, की थांबेचना.

"हो म्हणाले! साहेब हो म्हणाले!" काका ओरडले, आणि थोरलीनं तिथंच एप्रन उतरवला.

धाकटीला मुलगी झाली. पहिली अंघोळ मावशीनंच घातली.

आता दातांची काळजी वाटते म्हणून सांगते. ते मान लटलटल्याचं तेवढं मी पदरचं घातलंय. मान अजिबात हलली नव्हती. साहेब चांगला खणखणीत "नाही" म्हणाला होता.

ती तरीही गेली.