लिंबं ठिवायला उतरलो

शहाऐंशी साली आबासायबांनी जुनी जीप घेतली अन् मला डायवर ठिवलं. तेंचं वय पन्नाशीचं, पण गाडी शिकायची लय हौस. शिकाऊ लायसन काढलं, जीपीला म्होरं-मागं लाल 'एल' रंगवला. आरटीओच्या सायबानं बजावून सांगितलं व्हतं, पक्क्या लायसनचा मानूस बाजूला बसल्याबिगर चाक धरायचं न्हाई. तो मानूस म्हंजे म्या, भुजंग.

म्हैनाभर बसलोबी. चुकलो ते पोखर्णीला, नरसिंहाच्या देवळाम्होरं.

जीपीची पूजा व्हती. नारळ फुटला, हार चढला. आता चाकाखाली लिंबं ठिवायची अन् मालकानं आपल्या हातानं गाडी त्यावरून न्यायची, ही आमच्याकडची रीत. लिंबं ठिवायचं काम डायवरचं. म्या उतरलो.

"भुजंग, बाजूला बस की," आबासायब म्हन्ले.

"मंग लिंबं काय देव ठिवल का, मालक?"

चार मानसं हासली. आबासायबबी हासले.

म्या लिंबं ठिवली, बाजूला सरलो, हात केला. तेंचा पाय क्लचवरून सटकला. जीप उडी मारून लिंबावरून गेली ती थेट नारळं इकणाऱ्या तानुबाईवर. मांडीचं हाड मोडलं. म्याच तिला उचललं, म्याच परभणीच्या दवाखान्यात नेलं. वाटभर म्हातारीनं माझी बाही सोडली न्हाई.

तिनं भरपाईचा दावा लावला. आबासायबांच्या वकिलानं मला बोलावून घितलं.

"तू बाजूला बसला व्हतास म्हन, म्हंजे इम्याची कंपनी पैसे देईल. न्हाई म्हन्लास तर कंपनी हात झटकनार. मंग म्हातारीनं आबासायबांकडून काय घ्यायचं? तेंच्याकडं ह्या जीपीबिगर हाय काय?"

"शपथ घिऊन सांगू?"

"तिच्याच भल्याचं हाय रे."

म्या व्हय म्हनून मान हालवली.

कोर्टात आधी तानुबाईला उभं केलं. कंपनीचा वकील लय मऊ बोलायचा.

"मावशी, तुमाला उचललं कुनी?"

"ह्या भुजंगानं. गुणाचं लेकरू हाय."

"जीपीतून उतरून आला का?"

"जीपीत कुठं व्हता बाबा? चाकापाशी व्हता. एक लिंबू उरलं व्हतं हातात, ते टाकून पळत आला. तो खाली नसता तर म्या तिथंच मेले असते."

अन् माझ्याकडं बघितलं, जसं काय मला बक्षीसच दिलं.

मंग माझं नाव पुकारलं. गाडी चालली तवा तू कुठं व्हतास, इचारलं. आबासायब माझ्याकडं बघायले. तानुबाईबी बघायली. म्हातारीला भर कोर्टात खोटी पाडायची का?

"खाली व्हतो. लिंबं ठिवायलो व्हतो."

कंपनी सुटली. हुकूम आबासायबांवर झाला. जीप इकली तरी भरपाई अर्धीच निघाली, बाकी अजून तिच्या हाती न्हाई. मोडलेलं हाड वाकडंच बसलं. आबासायबांनी मला कामावरून काढलं. रस्त्यात दिसले तर मान फिरवतेत.

तानुबाई कुबडी टेकवून तिथंच नारळं इकती. म्या दर्शनाला गेलो की एक नारळ हातात देती, पैसे घेत न्हाई. शेजारच्या बाईला सांगती, "ह्याच्यावर आळ येऊ नये म्हनून म्या कोर्टात खरं खरं सांगितलं."

तिला अजून कुनी समजावलं न्हाई. म्याबी न्हाई. म्या नारळ घितो अन् देवळात जातो.