बाभळ कुणाच्या शेतात?

मी एक उपग्रह बोलतो आहे. सन २०१९, महिना एप्रिल, ऐन उन्हाळा. तेव्हा एका खासगी कंपनीने मला आकाशात धाडले. मी पृथ्वीची छायाचित्रे काढावीत आणि कंपनीने ती विकावीत, असा हा व्यवहार. गिऱ्हाइके मात्र मोठी संशयी. स्वतःच्या शेताआधी ती शेजाऱ्याचे शेत पाहतात.

सांगलीजवळ, कृष्णाकाठी रंगूबाईंचा ऊस आहे. पलीकडे त्यांचे चुलतदीर हरिबा यांचा. मध्ये बांध आणि बांधावर एक जुनी बाभळ. गुडघे धरल्यापासून रंगूबाई शेतावर गेल्या नव्हत्या. "हरिबाकाका बांध कोरत्यात," असे मुलगा आकाराम दरवर्षी सांगे, आणि त्यांच्या मनातील संशय वाढत जाई. यंदा तर सामाईक विहिरीवरची हरिबांच्या पाण्याची पाळीच त्यांनी बंद केली. एका बाजूचा ऊस हिरवागार, दुसऱ्या बाजूचा पिवळा पडत चाललेला. मला वरून सारे दिसत होते.

पुरावा हवा म्हणून नात संयोगिता हिने माझी चित्रे विकत घेतली व सर्वांसमोर मांडली. त्या चित्रांतून मीही तेथे हजर होतो.

"आवं वैनी, आभाळातल्या डब्यावर इस्वास, आन् माझ्यावर न्हाई व्हय?" हरिबा म्हणाले.

"तुमच्यावर हुता, भावजी. म्हणून तर ही पाळी आली."

२०१९ च्या चित्रात बाभळ नेमकी बांधावर होती. संयोगिताने शेजारी यंदाचे चित्र ठेवले आणि ती दोन्ही चित्रे पुन्हा पुन्हा पाहू लागली.

"बोल की गं. बाभळ कुठं हाय?"

"आपल्या उसात, आजी. चांगली आत."

"झाड काय चालत आलं?" रंगूबाईंनी चित्रावर बोट ठेवले. "म्हंजी बांधच तिकडं सरकला. आकाराम, कोरलं कुणी?"

"वरनं समदं वाकडंच दिसतंय, आये."

"मला हितनं बी दिसतंय."

हरिबांनी टोपी नीट केली, एवढेच.

माझे इंधन आता संपत आले आहे. लवकरच मी खाली ओढला जाऊन जळून जाईन. जाण्यापूर्वी एकच विनंती: चित्र मागवाल तेव्हा आधी स्वतःच्या शेताचे मागवा.

३० एप्रिल २०२५, अक्षय्य तृतीया. त्या सकाळी बाभळ पुन्हा बांधावर होती. आकारामने घातलेल्या बांधाची माती अजून ताजी होती, हरिबांच्या सऱ्या पाण्याने काळ्याभोर झाल्या होत्या, आणि बाभळीखाली एक छत्री उघडलेली होती. रंगूबाई स्वतः पहाऱ्याला बसल्या असाव्यात. माझाही स्वभाव आता गिऱ्हाइकांसारखाच झाला आहे. म्हणून खात्रीसाठी मी आणखी एक चित्र काढले.