झाकणाची नवी रिंग

मी कुकर बोलतोय. एरवी मला शिट्टीपलीकडे काही येत नाही, आणि शिट्टीचा अर्थ लोक एवढाच लावतात की गॅस बंद करा. आज मात्र मला थोडं जास्त बोलायचंय. माझ्या पोटात सात रविवार एक खोटं शिजलं आणि मी झाकण घट्ट लावून ते शिजू दिलं. त्यानंतर कितीतरी रविवार खरं शिजतंय, पण ते ऐकून घ्यायला कोणी नाही.

माझा जन्म कारखान्यातला. गोल पत्र्यावर यंत्राचा दाब पडला आणि मी खोलगट झालो. मग मला पाण्यात बुडवून आत हवा भरली, कुठून बुडबुडे येतात का पाहिलं आणि खोक्यात घातलं. दाब सोसायचा आणि तोंड उघडायचं नाही, एवढंच मला तिथे शिकवलं.

पहिल्या घरात मी लग्नाची भेट म्हणून गेलो. त्या नवरा-बायकोचं कशावरच पटायचं नाही. एकदा भांडणाच्या भरात माझ्यात पाणी घालायचंच राहिलं आणि माझा तळ काळा पडला. तेव्हा मात्र दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं, की कुकरच वाईट. दुसऱ्या दिवशी मी जुन्या भांड्यांच्या दुकानात होतो.

तिथे मला मास्तर भेटले. ते शाळेतले मास्तर नव्हेत. ते डेअरीत दूध चाखायचे. पहाटे गावोगावचे कॅन यायचे, मास्तर प्रत्येकाचं झाकण उघडून वास घ्यायचे, चमचाभर जिभेवर ठेवायचे आणि पास की नापास ते सांगायचे. म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. अख्ख्या कॅनमध्ये ओंजळभर आंबट दूध मिसळलेलं असलं तरी त्यांना कळायचं. त्यांच्या नाकाला फसवणारा अजून जन्मायचाय, असं डेअरीतले म्हणायचे. त्यांनाच पकडणारं नाक मात्र त्यांच्याच घरात जन्मलं होतं. पण ते पुढे येईल.

मास्तरांनी माझा तळ पाहिला, झाकण फिरवून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाले, "काळा असू दे. शिजवण्याशी मतलब."

त्यांना शिजवायचं होतं लेकीसाठी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक एकुलती एक. जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहू लागली. आईपासून तोडलेली तान्ही वासरं ती रोज पाहत होती. एके दिवशी घरी येऊन तिने सांगितलं, "बाबा, मी दूध सोडलं. दही, लोणी, अंडी, मटण, सगळंच." त्याला व्हिगन म्हणतात, हेही सांगितलं. मास्तरांना ते एखाद्या दुखण्याचं नाव वाटलं.

"तुझ्या शाळेची फी दुधातून गेलीय," ते म्हणाले.

"माहीत आहे, बाबा. म्हणूनच इतके दिवस बोलले नाही."

त्यानंतर दोन महिने ती आली नाही. मग मास्तरांनीच फोन केला. रविवारी ये, तुझ्या पद्धतीचं करतो, म्हणाले. तोवर त्यांना चहापलीकडे काही करता येत नव्हतं, कारण डबा खानावळीतून यायचा. फोन ठेवला आणि ते तडक मला आणायला निघाले.

पहिल्या रविवारी त्यांनी चवळी भिजवायचीच विसरून थेट माझ्यात टाकली. मी आठ शिट्ट्या केल्या तरी दाणे दाताखाली कटकट वाजत होते. लेक आली, हसली आणि पावाबरोबर कांदा खाऊन गेली. जाताना म्हणाली, "पुढच्या रविवारी येते." दार लागल्यावर मास्तर माझ्यातली कच्ची चवळी उपसत बसले. पोरगी वाळलीय, असं स्वतःशीच दोनदा म्हणाले.

दुसऱ्या रविवारी त्यांनी दाणे भिजवले, कांदा परतला आणि शिजल्यावर चाखून पाहिलं. त्यांच्या जिभेने ते नापास केलं. मग त्यांनी फ्रिज उघडला, वाटीभर साय काढली आणि माझ्यात घातली. झाकण त्यांनी नेहमीसारखंच पुन्हा लावलं, हे मला सांगितलंच पाहिजे. आजाऱ्याला गोळी साखरेत लपवून द्यावी, तितक्या मायेने त्यांनी ती घातली होती.

लेक जेवली. पोटभर जेवली. ताटली पुसून घेतली. "बाबा, यात काय घातलंत?"

"काही नाही. कांदा."

असे सात रविवार गेले. मसूर, वाटाणे, हरभरे, जे वाण्याकडे स्वस्त मिळेल ते. टोमॅटो मात्र कधीच नाही. लेकीने विचारलं, तर मास्तर म्हणाले की टोमॅटोने पित्त होतं. आंबटाने साय फाटते हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

लेकीच्या गालांवर जरा मांस चढलं. ती आल्या आल्या चपला काढायच्या आधीच स्वयंपाकघरात डोकवायची. दवाखान्यात तिच्यासारखेच आणखी दोघे-तिघे होते, रोज उकडलेले बटाटे खाऊन कंटाळलेले. ती त्यांना सांगायची, की तयार पदार्थांची महागडी पाकिटं लागत नाहीत, माझे बाबा साध्या वाटाण्याचं असं करतात की विचारू नका. तिने वहीत सगळं उतरवून घेतलं. किती भिजवायचं, कांदा किती परतायचा, किती शिट्ट्या. खोलीवर करून पाहिलं, तर तशी चव काही येईना. "माझ्याच हाताला चव नाही," ती म्हणाली. मास्तर मान खाली घालून पाव कापत राहिले. त्या वेळी ते बोलले असते तर! मला कंठ असता तर मीच ओरडलो असतो. मी गार होत ओट्यावर बसून होतो.

त्यातल्या सातव्या रविवारी मास्तरांची पाठ धरली होती, म्हणून भांडी लेकीने घासायला घेतली. तिने माझ्या झाकणातली रबराची रिंग काढली. रिंग सगळेच काढत नाहीत, पण ही नीटनेटकी. पत्र्याचा वास पाण्याने जातो. रबराचा जात नाही. ते आत जे शिजेल त्याचा वास पिऊन बसतं. तिने रिंग धुतली, नाकाशी नेली, परत धुतली, परत नेली. नाक तिने बापाचंच घेतलं होतं.

"बाबा," ती म्हणाली. मास्तर दारात आले. तिच्या हातातली रिंग पाहून त्यांना सगळं कळलं.

"तुझ्या तब्येतीसाठी गं. तू इतकी वाळली होतीस..."

"पहिल्यापासून?"

मास्तरांची नजर फ्रिजकडे गेली.

"मी त्या सगळ्यांना सांगितलं हो, बाबा. माझ्या बाबांनी माझ्यासाठी बिनदुधाचा स्वयंपाक शिकून घेतला म्हणून." तिने रिंग ओट्यावर ठेवली, हात पुसले आणि गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मास्तर शिकले. खरंखुरं शिकले. बोलायला तरी कोण होतं? कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मावशींना त्यांनी सगळं सांगितलं. मावशींनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं आणि मग म्हणाल्या, "चव काय दुधातच असते का? तुम्हाला घाई फार. कांदा लाल नाही, चांगला तपकिरी होऊ द्या. शिजलेले मूठभर दाणे डावाने ठेचून परत त्यातच ढकला, रस्सा आपोआप दाट होतो. शेंगदाणे भाजून वाटून घाला. शेवटी लिंबू पिळा. आणि हे टोमॅटो घ्या, पित्तबित्त काही होत नाही."

मास्तरांनी महिना-दीड महिना ते गिरवलं. कांदा करपला, शेंगदाणे काळे झाले, रस्सा कधी पाणी तर कधी लगदा. मग एका सकाळी त्यांनी चमचा तोंडात धरला आणि डोळे मिटले. डेअरीत पहिल्या प्रतीच्या दुधाला ते असेच डोळे मिटायचे, असं त्यांनी लेकीला एकदा सांगितलेलं मी ऐकलं होतं. मी माझ्या आयुष्यात शिजवलेलं ते सगळ्यात चांगलं अन्न होतं. घरात दूध येणंही त्यांनी तेव्हापासून बंद केलं. चहा कोरा.

"सांगा की पोरीला," मावशी म्हणाल्या.

"काही घातलं नाही, असं तेव्हाही सांगतच होतो, मावशी."

तरी त्यांनी तिला बोलावलं आणि ती आली. येण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली. बाजारात जाऊन माझ्यासाठी नवी रिंग आणली आणि जुनी कचऱ्यात टाकली. दुधाचा लवलेशही तिच्या अन्नाला लागू नये, इतकंच त्यांच्या मनात होतं. मलासुद्धा ते पटलं होतं. आम्ही दोघंही मूर्ख.

लेक थेट स्वयंपाकघरात आली. माझं झाकण उचललं, रिंग काढली, वास घेतला. नुसतं कोरं रबर.

"रिंग नवी घेतलीत."

"हो, म्हटलं तुला..."

"आता काही कळायलाच नको."

मास्तरांचा चेहरा तेव्हा मी पाहिला. दुधात भेसळ केली नाही हे कॅनवाले कसे गयावया करून सांगायचे आणि आपण कसं ऐकायचो नाही, ते बहुतेक त्यांना आठवलं असावं. त्यांनी तिचं ताट वाढलं. रश्श्यात टोमॅटोच्या लालभडक फोडी दिसत होत्या. साय असती तर ती फाटली असती, हे त्या ओरडून सांगत होत्या, पण त्यांची भाषा आम्हा दोघांनाच कळत होती. तिने दोन घास खाल्ले, छान झालंय म्हणाली, परक्याच्या घरी म्हणतात तसं. मग नुसता पाव खाल्ला. निघताना तिने सांगितलं की तिची बदली झालीय, लांब.

आता महिन्यातून एकदा तिचा फोन येतो. मास्तर स्वयंपाकघरातच बोलतात, म्हणून मला ऐकू येतं. "जेवलात का?" "जेवलो." काय जेवलात, हे ती विचारत नाही, आणि मास्तरही सांगत नाहीत.

माझा दांडा सैल झालाय. वाफ शिट्टी सोडून कुठूनही निसटते. पुढच्या वर्षापर्यंत मी टिकेन असं वाटत नाही, आणि मास्तरांची पाठ बघता त्यांचंही काही सांगता येत नाही. ती परत येईल अशी आशा मी केव्हाच सोडली.

ज्यांना असा स्वयंपाक नव्याने सुरू करायचाय, त्यांनी खुशाल करा. मूठभर दाणे, दोन कांदे, थोडे शेंगदाणे आणि वेळ, बस. कोणीही शिकतं, मास्तर शिकले. फक्त ज्याच्यासाठी शिजवता त्याने नको म्हटलेलं त्याच्या ताटात घालू नका, कितीही माया असली तरी.

मास्तर अजूनही दर रविवारी दोघांचं शिजवतात. वाफ जिरली की माझं झाकण काढतात, मला जरा लेकीच्या रिकाम्या खुर्चीकडे कलतं करतात आणि हळूच म्हणतात, "बघ, काही घातलं नाही हं."

खरंच काही घातलेलं नसतं. मी पाहिलेलं असतं.